तीन बाटल्यांतले सात रंग

पाळणाघर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातला सगळ्यात लांब महिना जुलै. बाग बंद, गच्ची निसरडी, हॉलभर दोऱ्या बांधून वाळत घातलेले कपडे आणि त्याखाली अडीच ते सहा वर्षांची आठ-नऊ मुलं. मी डोंबिवलीत राहत्या घरातच पाळणाघर चालवते. आईबाप लोकल गाठायला सकाळीच बाहेर पडतात, आणि पाऊस वाढला की संध्याकाळी किती वाजता परततील याचा भरवसा नाही. अशा दिवसांत मुलांना टीव्हीसमोर बसवणं सगळ्यात सोपं. ते करायचं नाही म्हटलं की मग डोकं चालवावं लागतं.

इंद्रधनुष्याचं खूळ आमच्याकडे आणलं ते पहिलीतल्या मुलाने. तो शाळेतून ‘तानापिहिनिपाजा’ शिकून आला आणि दिवसभर त्याचा जप सुरू. धाकट्यांनी लगेच उचललं. अडीच वर्षांच्या एकीने तर त्याचं ‘तानाजीपाजा’ करून टाकलं. दोन दिवसांनी एका आईने हौसेने इंद्रधनुष्याचा तयार संच आणून दिला: कापून ठेवलेल्या सात कमानी, मागे गोंद लावलेला, दोन ढग, चार चांदण्या. सोलायचं आणि चिकटवायचं. चहा गाळून येईपर्यंत संपलं होतं. मुलं माझ्याकडे बघत म्हणाली, “आता?”

त्या ‘आता’चं उत्तर म्हणून मी केकच्या सामानाच्या दुकानात गेले आणि खायच्या रंगाच्या तीन बाटल्या आणल्या. लाल, पिवळा, निळा. किराणा दुकानात खायचा रंग मागितला तर केशरी नाहीतर पिवळ्या पुडीची डबी पुढे येते, शिऱ्याला आणि जिलबीला लागते ती. निळा तिथे सहसा मिळत नाही. त्यासाठी केकवाल्याकडेच जावं लागतं. दुकानदार बारा रंगांचा सेट काढून दाखवत होता. मी नको म्हटलं. हिरवा बाटलीतून ओतला की मुलांसाठी तो फक्त हिरवा असतो. पिवळ्यात निळा पडून झालेला हिरवा त्यांचा स्वतःचा असतो. पुढे पावसाळाभर जे काही केलं ते या तीन बाटल्यांवर आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर.

लाल घेताना मात्र एक बघा. टोमॅटोकडे झुकणारा लाल निळ्यात मिसळला की जांभळा होत नाही, चॉकलेटी होतो. राणी रंगाकडे झुकणारा घेतला, बाटलीवर बहुतेक ‘रास्पबेरी’ लिहिलेलं असतं, तर छान जांभळा उतरतो. पाण्याच्या पेल्यात दोन्हींचा एकेक थेंब टाकून बघितलं की कळतं.

पहिला खेळ ‘चालणाऱ्या पाण्या’चा. सहा काचेचे पेले गोल मांडायचे. एकाआड एक पेल्यात काठापासून बोटभर खाली राहील इतकं पाणी, त्यात लाल, पिवळा, निळा. मधले तीन रिकामे. मग प्रत्येक दोन पेल्यांना जोडणारी एकेक पट्टी, एक टोक रंगात आणि दुसरं रिकाम्या पेल्यात. सगळीकडे यासाठी टिश्यू पेपर सांगतात. तोही चालतो आणि पटकन चालतो, पण मुलांनी हात लावला की फाटतो. मी जुन्या मलमलच्या ओढणीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड पाणी झकास ओढतं. नवं, खळ असलेलं कापड नाही ओढत, आणि सिंथेटिक तर नाहीच. समईची वात तेल वर ओढते ती याच न्यायाने. धाग्यांच्या बारीक फटींतून द्रव स्वतःच वर चढतो. मोठ्या मुलांना वात दाखवली तेव्हा ते त्यांना लगेच पटलं.

रंग पट्टीवर चढताना बघण्यासारखा असतो. पहिली बोटभर उंची बघता बघता गाठतो, मग हळू होतो, कमानीच्या माथ्यावर रेंगाळतो आणि उतारावर पुन्हा वेग घेतो. लाल आणि पिवळा दोन्हीकडून एकाच रिकाम्या पेल्यात उतरतात. पेल्याच्या तळाशी पहिला नारिंगी थेंब जमला तेव्हा मुलं टेबलाला हनुवट्या टेकून उभी होती. चार वर्षांच्या एकाने विचारलं, “काकू, याला कोण ढकलतंय?” दुपारच्या झोपेपर्यंत मधल्या पेल्यांत जेमतेम रंग आला होता. झोपून उठल्यावर नारिंगी, हिरवा, जांभळा असे तिन्ही भरत आले होते, आणि दुसऱ्या दिवशी सहाही पेल्यांतलं पाणी जवळजवळ एका पातळीला. घाई असलेल्या मोठ्यांना हा खेळ कंटाळवाणा वाटतो. मुलांना नाही वाटत, कारण ती मध्ये मध्ये येऊन बघून जातात. पाळणाघराला तर असाच खेळ हवा. मांडून ठेवा, भात लावा, परत या.

सहा पेल्यांत सहा रंग झाले. लगेच पहिलीतल्या पंडितांनी हरकत घेतली: “पारवा कुठंय?” प्रश्न रास्तच होता. रंगीत खडूंच्या पेटीत पारवा नसतो, घोटीव कागदाच्या गठ्ठ्यात नसतो, मुलांच्या कपड्यांतही सापडत नाही. मी त्याला सांगितलं की न्यूटननेसुद्धा आधी पाचच रंग धरले होते. नारिंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, सात सुरांशी मेळ बसावा म्हणून. त्यावर तो म्हणाला, “मग त्यालाच विचारा ना कुठंय ते.” पारवा शेवटी सापडला, पण तो बाटलीत नव्हता. त्याचं पुढे सांगते.

आमच्या खिडकीच्या ग्रिलवर गोकर्णाचा वेल आहे. पावसात रोज मूठभर निळी फुलं उमलतात, देवाला वाहून उरतात. त्यातली दहा-बारा कपभर गरम पाण्यात टाकली की पाणी गर्द निळं होतं. गरम पाण्याचं काम माझं; निवल्यावर मुलांचं. पांढऱ्या वाट्यांत ते निळं पाणी ओतलं आणि प्रत्येकाच्या हातात लिंबाची फोड दिली. एक थेंब पिळला की निळा किंचित जांभळ्याकडे कलतो, न धड निळा न धड जांभळा. हाच तो पारवा. पहिलीतल्याने वाटी उचलून खिडकीजवळ नेली, खात्री करून घेतली आणि मग होकार दिला. आणखी थेंब पडले की चक्क जांभळा, त्याहून जास्त पिळलं तर गुलाबीकडे. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवट निळा. एका फुलाने अर्धं इंद्रधनुष्य दिलं म्हणायचं.

ते बघून मग हळदीचीही आठवण झाली. हळदीच्या पाण्यात कोरे कागद बुडवून पंख्याखाली वाळवले. पिवळेधमक. त्यावर सोडा घातलेल्या पाण्याने, कापूस गुंडाळलेल्या काडीने रेघ ओढली की रेघ तांबडी. मुलांना हे रेघ ओढताना नुसतं पाणी वाटतं, आणि कागदावर टेकताक्षणी लाल उमटतो. पूर्वी कुंकू हळदीचंच करत, चुना किंवा टाकणखार मिसळून, ते याच गुणामुळे. चुना मात्र मुलांच्या हाती द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर फार वाईट. खायचा सोडा किंवा अंगाच्या साबणाचं पाणी पुरतं. तांबड्या रेघेवर लिंबू फिरवलं तर ती पुन्हा पिवळी होते. एका मुलीने तेवढाच उद्योग सकाळभर केला: लाल कर, पुसून टाक, लाल कर. मी तिला दुसरं काही सुचवायला गेले नाही.

बीट, पालक यांचेही रंग काढून बघितले. बीट उत्तम, पालक फिका आणि वासाला उग्र. पालकाचं पुन्हा करणार नाही.

सगळ्यात जास्त दिवस टिकलेला खेळ मात्र पिठाचा. बाजारात खेळायची माती मिळते, तिचे सात डबे आणले तर आठवड्यात सगळ्यांची मिळून एक करडी माती होते हे प्रत्येक आईला माहीत आहे. मी घरी करते. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल, एका लिंबाचा रस. सगळं कढईत गुठळ्या मोडून एकत्र करायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. मोदकाची उकड काढताना हात जसा भरून येतो तसा इथेही येतो. कडा सुटून गोळा झाला की उतरवायचं, कोमट असताना तेलाच्या हाताने मळायचं. त्याचे तीन गोळे करून एकेकात रंग. रंग घालताना हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर हळदीकुंकवाला निळ्या बोटांनी जावं लागतं.

मुलांना तीनच गोळे मिळतात. पिवळ्याची एक गोटी, निळ्याची एक गोटी, दोन्ही एकमेकांवर दाबायच्या आणि मळायच्या. आधी निळ्या-पिवळ्या रेघा दिसतात, संगमरवरी फरशीसारख्या. मग रेघांच्या कडेने हिरवं डोकावायला लागतं आणि मळत मळत अख्खी गोटी हिरवी. साडेतीन वर्षांची एक मुलगी रेघांच्या पायरीवर थांबायची. तिला तेच आवडायचं, पूर्ण हिरवा झाला की रडायची. तिच्या गोट्या तशाच ठेवायचा नियम झाला. मोठी मुलं हिशेब करायला लागली: पिवळा जास्त घेतला तर पोपटी, निळा जास्त तर गडद. सात वळ्या वळून, वाकवून, एकावर एक ठेवून कमान करायला पाच वर्षांपुढच्यांना जमतं. धाकट्यांच्या वळ्या तुटतात. ती त्यांचे साप करतात, आणि त्यांना विचाराल तर इंद्रधनुष्यापेक्षा साप बरा.

पावसाळ्यात या पिठाला पाणी सुटतं, मिठामुळे हवेतली ओल ओढली जाते. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायचं, चिकट झालं तर मैदा भुरभुरवायचा. आणि मीठ भरपूर असल्याने कुणी खात नाही ना, याच्यावर डोळा ठेवायचा. एकदा चाखून बघतात. खारट लागलं की पुन्हा सहसा तोंडात घालत नाहीत, तरी अडीच वर्षांच्यांच्या शेजारी मी बसते.

रंगीत तांदळावर आमच्याकडे थोडा वाद झाला. एका मुलाच्या आजी त्याला न्यायला आल्या तेव्हा मुलं जुन्या प्लास्टिकच्या डब्यांत तांदूळ हलवत होती. वाटीभर तांदूळ, छोटा चमचा व्हिनेगर, पाच-सहा थेंब रंग, झाकण घट्ट लावून खुळखुळ्यासारखं हलवायचं. व्हिनेगरने रंग दाण्यावर बसतो, हाताला फारसा लागत नाही. आजी म्हणाल्या, “अन्नाशी खेळायला शिकवताय होय?” मी त्यांना पिशवी दाखवली. पोरकिडे झालेले, शिजवण्याजोगे न उरलेले तांदूळ होते, निवडून, उन्हात टाकून ठेवलेले. एकदा रंगवले की वर्षभर तेच वापरते. आजींचं पूर्ण समाधान झालं नाही, पण “खाली सांडू देऊ नका, पायदळी येतं” म्हणून त्यांनीच जुनी चादर पसरून दिली. चादरीचा फायदा असा की खेळ संपला की चार कोपरे उचलायचे, तांदूळ मध्ये जमा.

या तांदळाचं करायचं काय, असं पालक विचारतात. काही नाही. वाट्या, चमचे, नरसाळं, चहाची गाळणी द्यायची आणि बाजूला व्हायचं. एका बरणीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. उंच काचेच्या बरणीत एकेका रंगाचा थर टाकला की उभं इंद्रधनुष्य होतं. पण त्यासाठी शेवटचा थर पडेपर्यंत बरणी कुणी हलवायची नाही, आणि हे आमच्याकडे क्वचितच जमलं. तीन वर्षांखालच्यांना मी तांदूळ देत नाही, नाकात जातात. मणी आणि बटणंही नाहीत. रांगोळीचे रंग तर कुणालाच नाहीत, ती पूड उडते आणि श्वासात जाते.

गरम पाण्याच्या ताटलीत रंगीत साखरेच्या गोळ्या गोल मांडल्या की रंग मध्याकडे धावतात, पसरट ताटलीत साय असलेलं दूध घेऊन त्यात रंगाचे थेंब टाकले आणि भांड्याच्या साबणात बुडवलेली काडी टेकवली की रंग पळतात. दोन्ही करून झालं. पहिल्यात गोळ्या पोटात गेल्या, दुसऱ्यात दूध मोरीत. बघायला छान, पण मुलांच्या हाताला त्यात काम नाही.

चिकटकामाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. कापसाचे ढग आणि सात पट्ट्यांची कमान हे काम बहुतेक घरांत आया करतात आणि मुलं शेजारी बसतात. पालकांच्या ग्रुपवर आठ फोटो टाकले आणि आठही कमानी सारख्या निघाल्या, तर ती माझी कमान आहे, मुलांची नाही. मी कात्री बाजूला ठेवली आणि घोटीव कागद फाडायला दिले. कागद फाडणं तीन वर्षांच्या बोटांना आवाक्यातलं आणि आवडीचं. फाडताना येणारा आवाजच त्यांना पुरतो. खळ घरची: दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवलेला. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. मुलांसाठी अजिबात नाही, ते विष आहे. रोज थोडी ताजी करायची, उरली तर टाकायची. जुन्या कॅलेंडरच्या मागे खडूने सात कमानी काढल्या आणि प्रत्येक कमानीच्या सुरुवातीला त्या रंगाचा एक तुकडा चिकटवला. पुढचं मुलांचं. हिरव्याच्या पट्ट्यात पिवळे घुसलेत, तांबड्याचा शेपटा कागदाबाहेर गेलाय, आणि एका जागी कुणीतरी बसपासचा फोटोही चिकटवलाय. ते कॅलेंडर अजून भिंतीवर आहे.

भेंडीचे ठसेही त्याच्यावरच. भेंडीचं देठाकडचं टोक कापलं की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, कारल्याचं चाक उमटतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला नेलं. तो भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यातला. परदेशी धर्तीची महागडी साधनं परवडण्यासारखी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या हेच साधन झालं. मला त्यांच्या कामाची थोरवी सांगायची गरज नाही. पण सातशे रुपयांचा संच बघितला की भेंडी आठवते एवढं खरं.

आता खेळ. कोंदट दुपारी नुसतं बसून काम करायला लावलं तर मारामाऱ्या होतात. ‘टिपी टिपी टॉप, व्हॉट कलर डू यू वाँट’ सगळ्या सोसायट्यांत खेळतात. राज्य असलेल्याने रंग सांगायचा, बाकीच्यांनी त्या रंगाच्या वस्तूला हात लावायचा. हॉलमध्ये पळापळ नको म्हणून मी तो ‘चालत’ खेळायला लावते, पळालेला बाद. दुसरा खेळ शोधाचा. प्रत्येकाच्या मनगटाला एका रंगाची लोकर बांधायची आणि घरात त्या रंगाचं काय सापडतं ते गोळा करून सतरंजीवर आपल्या जागी ठेवायचं. हिरव्याला कढीपत्ता आणि मिरची, नारिंगीला गाजर, पिवळ्याला डाळ, जांभळ्याला वांगं. लाल लोकरवाल्याने गॅसच्या सिलिंडरला मिठी मारली, आणता येईना म्हणून तिथूनच ओरडून हक्क सांगितला. निळ्याचा मात्र प्रश्न. स्वयंपाकघरात निळं खायचं काहीच नाही. मुलांनी फ्रिज उघडायला लावला, भाजीचा कप्पा तपासला. शेवटी निळ्याच्या जागी बादली, चिमटे आणि माझ्या नवऱ्याची लुंगी जमली.

कपड्याचे चिमटे फार कामाचे. पुठ्ठ्याची मोठी चकती, तिच्या कडेला सात रंगांचे पट्टे, आणि ज्या रंगाचा चिमटा त्या पट्ट्यावर लावायचा. चिमटा दाबायला जी बोटं लागतात तीच पुढे पेन्सिल धरायला लागतात, त्यामुळे चार वर्षांच्यांना हा खेळ मी मुद्दाम देते. बाटल्यांची बुचं रंगावारी लावायचा खेळ धाकट्यांसाठी.

या खेळांत एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. मूल लाल बूच लालजवळ बरोबर ठेवतं, पण “हा कुठला?” विचारलं की “पिवळा” म्हणतं. त्याला रंग दिसतो, नाव जुळत नाही. मोंटेसरी शिक्षणात नाव शिकवायच्या तीन पायऱ्या सांगतात, मूळ फ्रान्सच्या सेगँ या डॉक्टरांच्या. आधी “हा लाल, हा निळा.” मग “लाल दे बरं मला.” सगळ्यात शेवटी “हा कुठला?” आपण थेट तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो, तीही चारचौघांत, पाहुण्यांसमोर. आणि एका वेळी दोन-तीनच रंग. अडीच वर्षांच्या मुलाला सात रंगांची यादी पाठ असली तरी ते गाणं असतं, ओळख नसते. मला स्वतःला ‘तानापिहिनिपाजा’ सहा वर्षांच्या आधी शिकवण्यात फारसा अर्थ दिसत नाही.

पण एक मुलगा नाव तर सोडाच, जुळवण्यातही अडत होता. हिरवी आणि तपकिरी बुचं तो एकाच ढिगात टाकायचा, पाच वर्षांचा झाला तरी. बाकी सगळ्यात चलाख. त्याच्या आईला मी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. लाल-हिरव्याचा हा गोंधळ मुलग्यांत जास्त आढळतो, कारण तो एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलग्यांना एक्स एकच. तसंच निघालं. त्याला त्याचं काही वाटत नाही. आम्ही त्याच्या खडूंवर नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, आणि वर्गात ‘झाडाला तपकिरी पानं’ म्हणून त्याला कुणी हसू नये म्हणून आईने शाळेतही कळवलं.

भिंगरी मोठ्यांसाठी. पुठ्ठ्याची वाटीएवढी चकती, सात पाकळ्या करून रंगवलेली, मध्यभागी बटणासारखी दोन भोकं, त्यातून ओवलेला जाड दोरा. दोन्ही हातांत दोरा धरून पीळ द्यायचा आणि ताणायचं-सोडायचं. घूंऽ असा आवाज करत चकती फिरते आणि रंग नाहीसे होतात. पुस्तकात लिहिलेलं असतं तसा शुभ्र पांढरा दिसत नाही. खडूचे रंग गढूळ असतात, त्यामुळे मळकट राखाडी दिसतो. मुलांना मी तसंच सांगितलं, पांढरा दिसला असं त्यांच्याकडून वदवून घेतलं नाही. पिवळ्याची पाकळी मोठी आणि निळ्याची फिकट केली तर जरा उजळ येतो, हे त्यांनीच करून शोधलं.

खरं इंद्रधनुष्य दाखवायचं राहिलं होतं. त्याला दोन गोष्टी लागतात, पाठीमागे ऊन आणि पुढे पाऊस. तिसरी कुणी सांगत नाही: सूर्य आकाशात साधारण ४२ अंशांहून खाली असायला हवा, नाहीतर कमान क्षितिजाखाली जाते. आपल्याकडे जुलैत सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे चारच्या आधी गच्चीवर जाऊन मान दुखवण्यात अर्थ नाही. चारनंतर पूर्वेला बघायचं, सकाळी लवकर पश्चिमेला. आमच्या इमारतीच्या पूर्वेला दुसरी इमारत आहे. म्हणून आम्ही पाऊस स्वतःच पाडला.

ऊन पडलं त्या दिवशी साडेचारला सगळी पलटण गच्चीवर. झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली, तोंड घट्ट फिरवून तुषार अगदी बारीक केलेले. सूर्याकडे पाठ करून, आपल्या सावलीच्या डोक्याच्या आजूबाजूला फवारायचं, समोर काळसर भिंत असली की जास्त उठून दिसतं. पहिल्या फवाऱ्याला काही नाही. दुसऱ्यांदा मी दोन पावलं सरकले आणि टाकीच्या भिंतीसमोर हातभर तुकडा दिसला, तांबडा बाहेर, जांभळा आत. मुलं पकडायला धावली आणि तुषारात शिरली की त्यांना दिसेना. पहिलीतल्याने आज्ञा सोडली, “माझ्या जागेवरून बघा.” तिथे गेलं की दुसऱ्याला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. प्रत्येकाच्या डोळ्याला वेगळ्या थेंबांतला उजेड येतो, म्हणजे प्रत्येकाचं इंद्रधनुष्य वेगळं. हे समजावून सांगायला शब्द लागले नाहीत. एकेकाला बाटली दिली आणि “तुझं तू कर” म्हटलं. त्यानंतर अर्धा तास रांग, ढकलाढकली, भिजलेले फ्रॉक, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज की गच्चीतून पाणी कोण ओततंय.

गणपतीच्या सुट्टीला पाळणाघर बंद होतं तेव्हा बाटल्या तपासल्या. पिवळी संपत आलेली, लाल अर्धी, निळी तर पाऊणच्या वर. पुढच्या वेळी पिवळी दोन आणायच्या. परातीत पाणी घेऊन त्यात तिरपा आरसा बुडवून भिंतीवर रंग पाडायचा खेळ ऑक्टोबरवर ठेवलाय. त्याला स्वच्छ, सलग ऊन लागतं आणि आमच्या हॉलमध्ये ते तेव्हा सकाळी नऊपर्यंत थेट सतरंजीवर येतं. आरसा मात्र प्लास्टिकच्या चौकटीचा शोधायला हवा.